कानापुरता आवाज

दमबाईला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं एकेक करून गेली होती, आणि उरलेल्यांना ते नाव ठाऊक नव्हतं. लग्नाच्या हॉलमध्ये अरबी गाणी गाणारी बाई, एवढीच तिची ओळख. एकदा एक नवरदेव जिना चढायलाच तयार होईना, नवा बूट चावत होता म्हणे. तो लंगडत वर येईपर्यंत हिनं एक ओळ एका श्वासात धरून ठेवली. वाजवणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "बाई आहे की लोहाराचा भाता?" तेव्हापासून ती दमबाई. नवख्या पाहुण्यांना वाटे, बिचारीला दम्याचा त्रास असावा. ते हळूच पाण्याचा पेला पुढे करत. ती तो पिऊनही टाकी. फुकटचं काही नाकारायची तिची रीत नव्हती.

गाणं आईकडून आलेलं. आईला मुली दोन, आणि शिकवायला वेळ एकीपुरताच. थोरलीच्या वाट्याला गाणं आलं, धाकटीच्या वाट्याला स्वयंपाकघर. धाकटीही गुणगुणायची, सूरही बरा होता. पण एकदा भर पाहुण्यांत थोरली म्हणाली, "हिचा आवाज भांडी घासताना शोभतो. नळ चालू असला म्हणजे आणखी." सगळे हसले. धाकटीही हसली, आणि ते हसू तिनं जन्मभर जपून ठेवलं.

त्या गाण्याची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गाणारी एक ओळ म्हणते. ओळ काळजाला लागली तर ऐकणाऱ्यांतून आवाज उठतो. कुणी उसासा टाकतं, कुणी मांडीवर थाप मारतं, कुणी सरळ ओरडून पुन्हा मागतं. मग ती ओळ पुन्हा गायची, पण आधीसारखी नाही. कधी खालून चढत यायचं, कधी मधल्याच शब्दावर रेंगाळायचं, कधी शेवटचा स्वर अर्ध्यात सोडून ऐकणाऱ्यालाच तो मनात पुरा करू द्यायचा. ओळ जितक्या वेळा मागितली जाते, तितकी गाणारीची इज्जत. तीच ओळ दोनदा तशीच्या तशी आली, की समजावं, बाईच्या पेटीतलं सामान संपलं. दमबाईवर ती वेळ कधी आली नव्हती.

साथीला एक ऊदवाला होता. ऊद म्हणजे पोटाशी धरून वाजवायचं, फुगीर पाठीचं तंतुवाद्य. ते कवटाळून कवटाळून त्याच्या पाठीला असा बाक आला होता की सगळे त्याला कासव म्हणत. त्यानं लग्न केलं नाही. का केलं नाही हे सगळ्यांना माहीत होतं. दमबाईलाही होतं. पण तो विषय निघायला लागला की ती त्याला ऊदाच्या तारा तपासायला सांगत असे.

मग लग्नं बदलली. हॉलमध्ये दोन मोठी काळी खोकी आणि एक लॅपटॉप येऊ लागला. दमबाईला बोलावणी आली तर जेवणाच्या वेळेची, लोक तोंडात घास असताना ऐकतील एवढ्यापुरती. घास भरलेल्या तोंडातून दाद येत नाही. ती चिडून घरी येई आणि कासवाला म्हणे, "आज मी खुर्च्यांसमोर गायले." तो म्हणे, "खुर्च्या निदान शेवटपर्यंत बसल्या."

अशात धाकटीचा मुलगा एके दिवशी तिच्या दारात उभा राहिला. तिशीचा, हसरा, कानाला हेडफोन लटकलेला. तो नाचायची गाणी बनवायचा. नुसता ठेका, यंत्रांचे आवाज, आणि वर दोन-चार शब्द. दमबाई त्याला लाडानं बटण म्हणायची, कारण लहानपणापासून जे दिसेल ते बटण दाबायची त्याला सवय होती.

"मावशी, तुझा आवाज मला दे," तो म्हणाला.

"मग मी काय वापरू?"

"अगं रेकॉर्ड करायचाय. खाली माझा ठेका, वर तू. असं कुणी ऐकलेलंच नाही."

"तुझ्या आईला विचारलंस?"

"तिनंच तुझं नाव सुचवलं."

दमबाईला त्याचं नवल वाटलं. पण गेल्या दोन वर्षांत तिला कुणी काही मागितलंच नव्हतं, म्हणून ते नवल तिनं गिळून टाकलं.

टायरच्या दुकानामागे त्याची खोली होती. भिंतींना करडा स्पंज, खिडकी बुजवलेली, टेबलावर दोन पडदे आणि एक पियानोसारखी छोटी पेटी. कासव ऊद घेऊन आला होता. दोघं सकाळपासून दुपारपर्यंत गायली-वाजवली. एक जुनी ओळ होती. तिचा अर्थ असा: दार लावू नकोस, मी अजून रस्त्यात आहे. स्पंजाच्या भिंतींतून दाद येत नव्हती म्हणून कासवच दर वेळी मान डोलवून ती पुन्हा मागत होता, आणि दमबाई पुन्हा देत होती.

बटणनं पडद्यावर तिच्या आवाजाची रेघ दाखवली. "हा बघ मावशी, इथे तुझा सूर दोन पट्ट्यांच्या मधे पडतो."

"पडत नाही. तो तिथेच राहतो."

"मला ठाऊक आहे गं. पण माझ्या यंत्रांना मधली जागा नाही. खाली माझे सूर वाजतात, त्यांच्याशी तो घासतो. शेजारच्या पट्टीवर सरकवावा लागेल."

त्याचंही चुकत नव्हतं. त्यानं तो घासलेला आवाज वाजवून दाखवला, आणि खरंच, दाताखाली खडा यावा तसं झालं. दमबाई म्हणाली, "मग तुझी यंत्रं सरकव." तो हसला. तीही हसली. विषय तिथेच राहिला, आणि सूर सरकला.

महिन्याभरात गाणं बाहेर पडलं. त्यात कासवाची एकही तार नव्हती. दमबाईच्या त्या दिवशीच्या गाण्यातून एक ओळ उरली होती, आणि त्या ओळीतूनही अर्धी. दार लावू, दार लावू, दार लावू. खाली ठेका धाडधाड पडत होता आणि वर ती अर्धी ओळ रंदा मारल्यासारखी गुळगुळीत होऊन फिरत होती. लोकांना वेड लागलं. चपलांच्या दुकानात ते वाजे, व्यायामशाळेत वाजे, चौकात उभ्या गाड्यांच्या काचांमधून वाजे. फळवाल्यानं दमबाईला ओळखून दोन सफरचंदं जास्त घातली. ती तिनं घेतली. पण घरी येऊन खाटेवर बसली आणि कासवाला म्हणाली, "लोक म्हणत असतील, या बाईला दुसरं वळण सुचलंच नाही."

"लोक काही म्हणत नाहीत. नाचतात."

"तेच ते, तेच ते. आई असती तर माझ्या तोंडावर उशी दाबली असती."

मग मोठ्या कार्यक्रमाचं ठरलं. मैदान, मंच, हजारोंनी माणसं. बटण सांगायला आला तेव्हा दमबाईनं अट घातली. "मी येते. तू म्हणशील तो झगा घालते, धुरात उभी राहते. पण गाण्यात मधे एकदा तुझा ठेका थांबतो ना, तिथे मी गाणार. स्वतः. माझ्या वळणानं. लोकांना एकदा कळू दे की ही ओळ कुठे कुठे जाते."

"हो मावशी."

"माझ्याकडे बघून सांग."

त्यानं तिच्याकडे बघून सांगितलं. "तुझा माईक चालू असेल."

त्या दिवसापासून बाई पुन्हा तरुण झाली. पहाटे उठून गरम पाण्याची वाफ घेई, दुपारी कासवाला समोर बसवून त्या एका ओळीचे रस्ते शोधत बसे. गळा साठी ओलांडलेला. वर जाताना कधी चरा पडे. पण त्या चऱ्यालाही ती वळणात बसवी, असं की तो मुद्दाम पाडलाय असं वाटावं. मरायच्या आधी एकदा भरल्या मैदानानं ती ओळ आपल्याकडून मागून घ्यावी, एवढंच आता तिला हवं होतं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी साउंडवाल्यानं तिच्या कानांत दोन बुचं बसवली. मंचावर गोंगाट फार, म्हणून गाणाऱ्याला स्वतःचा आवाज त्या बुचांमधून ऐकवतात; बाहेरचं मग धड काही ऐकू येत नाही. ठेका सुरू झाला तो तिला तळव्यांतून कळला. मग तो थांबला, दिवे निळे झाले, आणि दमबाईनं माईक तोंडाशी नेला.

दार लावू नकोस, मी अजून रस्त्यात आहे.

कानांत तिचाच आवाज घुमला, थेट, ओलसर, मधल्या सुरासकट. आणि मैदान गरजलं. बुचांमधून ती गर्जना दूरच्या धरणासारखी आली, पण आली. हजारो गळे. ते मागत होते. दमबाईनं ओळ दुसऱ्यांदा दिली, खालून चढत. पुन्हा गर्जना. तिसऱ्यांदा ती रस्त्यावरच रेंगाळली, दाराशी पोचलीच नाही. पुन्हा गर्जना. जन्मभर तिनं हॉलभर माणसांचे उसासे गोळा केले होते, आणि आज एक अख्खं मैदान तिच्यापुढे पदर पसरून उभं होतं. ठेका परत कोसळला तेव्हा तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. बटणनं लांबून दोन्ही अंगठे वर केले.

मंचाच्या बाजूला कासव उभा होता. "कसं झालं?" तिनं विचारलं.

"असं कधी झालं नव्हतं," कासव म्हणाला.

पुढचे आठ-दहा दिवस दमबाई कुणाला ऐकेना. सुखानं माणूस वाईट होतो, तशी ती झाली. कासवाला म्हणाली, "आपण इतकी वर्षं चुकीच्या लोकांसमोर गायलो. तुझ्या त्या पोटफुग्या वाद्यामुळे माझं मैदान हुकलं." कासव तारा पुसत राहिला. धाकटीच्या घरी गेली तर तिथेही तेच. धाकटी पोळ्या लाटत होती. थोरली खुर्चीत बसून सांगत होती, मैदानानं ओळ कशी मागितली, ती कशी दिली, चौथ्यांदा दिली असती तर लोक मंचावर चढले असते.

"तुला नाही कळायचं म्हणा," दमबाई म्हणाली. "तुला आजवर कुणी काही मागितलंय? पोळी सोडून?"

धाकटीनं हातातली पोळी तव्यावर टाकली, उलटली, भाजून उतरवली. मग गॅस बंद केला, हात पुसले आणि मोबाइल आणला.

"ताई, हे बघ तरी."

गर्दीतल्या कुणीतरी काढलेला व्हिडिओ होता. निळा उजेड, धूर, आणि लांबवर झग्यातली एक बाई, हात उचललेला, तोंड उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या. आवाज येत होता तो मात्र दुसराच. दार लावू, दार लावू, दार लावू. गुळगुळीत, एकसारखा. बाईचं तोंड एकीकडे जात होतं आणि आवाज दुसरीकडे. काचेच्या पेटीतला मासा जसा तोंड उघडतो आणि मिटतो, तसं चाललं होतं. आणि लोक गरजत होते.

दमबाईनं पाहिलं. "हे नंतर चिकटवलंय," ती म्हणाली.

"मी तिथे होते ताई. पुढच्या रांगेत."

"मग तू ऐकलंस मला."

"मी हेच ऐकलं." धाकटीनं मोबाइलवर बोट ठेवलं. "तुझा माईक तुझ्या कानांपुरता होता. बाहेर बंद. त्यानं मला आदल्या दिवशीच सांगितलं. मला म्हणाला, मावशीला गायला मिळेल, लोकांना हवं ते मिळेल, कुणाचं काही बिघडणार नाही. पोरगं रडवेलं झालं होतं सांगताना. तू खरंच गायली असतीस तर ते घासलं असतं ना."

"आणि ते ओरडत होते ते?"

"ठेका थांबला की ओरडतात. पुन्हा पडणार असतो म्हणून. सगळीकडेच ओरडतात, ताई. तू उभी होतीस म्हणून नाही."

धाकटीनं पोळ्यांवर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "जेवून जातेस?" आणि त्या प्रश्नात जन्मभराचं सगळं फिटलं होतं.

तिथून दमबाई सरळ कासवाच्या खोलीवर गेली. तो खिडकीशी बसून ऊदाचं पोट मऊ फडक्यानं पुसत होता.

"तू काय ऐकलंस त्या दिवशी?"

त्यानं फडकं खाली ठेवलं. खोटं बोलायला वेळ होता, पण तो बोलला नाही. "बाहेर जे वाजत होतं ते."

"आणि मला म्हणालास, असं कधी झालं नव्हतं."

"तुझं तोंड दिसत होतं की. मी बाजूलाच होतो." त्यानं ऊद बाजूला ठेवला. "दुसऱ्या वेळी तू खालून आलीस. तिसऱ्या वेळी दाराशी गेलीच नाहीस, रस्त्यावरच थांबलीस. हनुवटी डावीकडे गेली तिथे मधला सूर होता. मला सगळं कळलं. आवाज नसला म्हणून काय झालं?"

कुठल्याही गाणाऱ्या बाईला याहून मोठी दाद मिळालेली नसेल. पण दमबाई त्या वेळी जखमी होती, आणि जखमी माणूस जवळ असेल त्यालाच चावतो.

"म्हणजे मैदानात मला ऐकणारा एकच, आणि तोही बहिऱ्यासारखा," ती म्हणाली. "तूही त्यांच्यातलाच निघालास. उद्यापासून माझ्याकडे येऊ नकोस."

कासव म्हणाला, "बरं." तो शब्दाचा पक्का होता. आला नाही.

दुसरा कार्यक्रम ठरलेलाच होता. दमबाई नाही म्हणेल असं धाकटीला वाटलं होतं. पण ती गेली. तिनं बटणला एका शब्दानंही विचारलं नाही. गाडीत तो तिच्या गळ्याशी मफलर नीट करत होता, घोट घोट कोमट पाणी देत होता, आणि ती घेत होती.

"मावशी, आज आवाज कसा आहे?"

"आहे तिथे आहे."

साउंडवाल्यानं बुचं बसवली. ठेका सुरू झाला, थांबला, दिवे निळे झाले. दमबाईनं माईक तोंडाशी नेला आणि दुसऱ्या हातानं कानांतली दोन्ही बुचं उपटून काढली.

बाहेरचा आवाज भिंतीसारखा अंगावर आला. दार लावू, दार लावू, दार लावू. तिचाच गळा, धुऊन इस्त्री केलेला. तो चार दिशांच्या खोक्यांतून येत होता, त्याला श्वास घ्यावा लागत नव्हता. दमबाई तोंड मिटून उभी राहिली. हात उचलला नाही, मान हलवली नाही. ओठ घट्ट मिटलेले, डोळे समोर. कुणाला तरी कळेल. पुढच्या रांगेतल्या एखाद्या पोरीच्या तरी लक्षात येईल की ही बाई गात नाहीये.

मैदान गरजलं. मागच्याइतकंच, कदाचित थोडं जास्त. पुढची पोरगी हात उंचावून, डोळे मिटून नाचत होती. ओळ फिरत राहिली. मग ठेका कोसळला, धूर सुटला, आणि दमबाईला धुरातून कुणीतरी हाताला धरून खाली आणलं.

मंचामागे कापडी पडद्यांची खोली होती. आरसा, खुर्ची, पाण्याच्या बाटल्या. बटण घामानं निथळत आत आला आणि त्यानं तिला मिठी मारली. गाणं चालू असताना त्याचे डोळे बटणांवर होते. बघायची त्याला गरजच नव्हती.

"मावशी, काय गायलीस गं आज. मागच्यापेक्षा कितीतरी छान."

दमबाईनं आरशातून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा खरा होता. लबाडीचा मागमूस नव्हता. तिला वाटलं होतं, राग येईल. राग आला नाही. तिनं कानातले उतरवून आरशासमोर ठेवले.

"पुढच्या वेळी तुझ्या आईला घेऊन जा," ती म्हणाली. "उंची सारखीच आहे. धुरात तोंड कुणाला दिसतंय."

तिनं ते चावण्यासाठीच म्हटलं होतं. तो हसेल, ओशाळेल, पाया पडेल, काहीतरी करेल म्हणून ती थांबली.

तो हसला नाही. बाटलीचं झाकण उघडता उघडता थांबला आणि विचार करू लागला.

"पण आईला," तो म्हणाला, "झगा थोडा सैल होईल ना?"